विडंबनकार अत्रे आणि मुलांचे अत्रे

आचार्य अत्रे यांच्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्याचे सरळ दोन भाग पडतात. एका भागात ‘झेंडूची फुले’ लिहिणारे, ‘मराठा’ दैनिकातून विरोधकांना सळो की पळो करून सोडणारे, विराट सभा तासन्‌तास हसत ठेवणारे विडंबनकार अत्रे असतात. दुसऱ्या भागात शाळेतले अत्रे असतात : ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध करणारे, ‘दिनूचे बिल’ आणि ‘आजीचे घड्याळ’ लिहिणारे, पुढे ‘श्यामची आई’ पडद्यावर आणणारे. पहिल्या अत्र्यांचे किस्से रंगवून सांगितले जातात, दुसऱ्या अत्र्यांची आठवण निघाली की डोळे ओलावतात. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणी म्हणत नाही. फार तर ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. मला हा शेरा पुरेसा वाटत नाही. अत्र्यांचे विडंबन आणि अत्र्यांचे मुलांसाठीचे लेखन एकाच मुळातून आले आहे, आणि ते मूळ म्हणजे शब्द अक्षरशः खरा मानणाऱ्या भोळ्या जीवावरचा त्यांचा विश्वास. असा जीव एकीकडे ढोंगाचे बिंग फोडतो आणि दुसरीकडे वाचनमालेतल्या धड्याचा नायक होतो. हे नाते उलगडायचे तर कोल्हापुरात १९३७ ते १९३९ या काळात तयार झालेल्या त्यांच्या चित्रपटांकडे पाहावे लागते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : अत्रे मुळात शिक्षक होते. सासवडजवळच्या कोडीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पदवी घेतल्यावर ते अध्यापनात शिरले, पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि मध्यंतरी लंडनला जाऊन १९२८ मध्ये तिथल्या विद्यापीठाची अध्यापनाची पदविका घेतली. नाटककार, पटकथाकार, संपादक, आमदार ही सगळी रूपे नंतरची. त्यांच्या पहिल्या नाटकांपैकी ‘गुरुदक्षिणा’ शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेले आहे. ‘साष्टांग नमस्कार’ने १९३३ मध्ये व्यावसायिक रंगभूमी हसवली, तेव्हा अत्र्यांच्या मागे मुलांसमोर उभे राहून बोलण्याची कितीतरी वर्षे होती. लष्कर भागातल्या त्या शाळेत गरीब घरांतली, नाना जातिधर्मांची मुले येत. अशा वर्गात जड शब्द चालत नाही. मुलाला तो कळला नाही तर तोंडावरून लगेच कळते, आणि मास्तर नुसता आव आणतो आहे हेही मुलाला सर्वांत आधी समजते. अत्र्यांच्या वाक्याला जो थेटपणा आला तो या शिक्षकी पेशाने घडवला, असे मानायला चांगला आधार आहे.

‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये, ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या कवितांचा संग्रह म्हणून आले. दोन वर्षे आधी पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली मोठी नावे. प्रेम, विरह, कविहृदयाची व्यथा यांची एक ठरीव भाषा तेव्हाच्या कवितेत रूढ होत होती. अत्र्यांनी त्या भाषेवर टीकालेख लिहिला नाही. ती भाषा, तिचे छंद, तिचे उसासे त्यांनी जसेच्या तसे उचलले आणि आतला विषय तेवढा बदलला. ‘परीटास’ या कवितेत प्रियेच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या प्रियकराची आर्तता आहे, पण वाट पाहिली जाते ती धुवायचे कपडे घेऊन गेलेल्या परटाची. हसू येते ते परटामुळे नाही. इतकी आर्तता परटासाठीही सहज वापरता येते, म्हणजे ती भाषा अनुभवापासून सुटून नुसती सवय झाली आहे, हे एका क्षणात लक्षात येते म्हणून हसू येते. विडंबनकाराने कवीचा शब्द अक्षरशः खरा धरला आणि तो वजन पेलतो का ते पाहिले. ज्यांच्यावर हा नेम होता त्यांतले माधव जूलियन पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि ‘छंदोरचना’ हा मराठी छंदशास्त्रावरचा आधारभूत ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. माणूस थोर होता आणि विडंबनाने त्याची थोरवी उणी झाली नाही. उणी झाली ती त्या पिढीतली उसनी हळवी भाषा, आणि मराठी कवितेला त्याचा लाभच झाला.

आता ‘आजीचे घड्याळ’ ही कविता जवळून पाहू. नातवाला कोडे पडले आहे : आजीचे घड्याळ कुठे ठेवले आहे? त्याची टिकटिक ऐकू येत नाही, त्याला किल्ली द्यावी लागत नाही, तरी ते कधी चुकत नाही. पहाटे कोंबडा आरवला की आजी अभ्यासाला उठवते, ऊन ओटीवर आले की दहा वाजले म्हणून शाळेला पिटाळते. ही कविता शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे. एकोणीस अक्षरांचे हे भारदस्त संस्कृत वृत्त नाटकातल्या नांदीला, राजस्तुतीला, सुभाषिताला शोभणारे. त्यात अत्र्यांनी मुलाची बडबड, ताईची चेष्टा, शाळेची घंटा आणि ओटीवरचे ऊन बसवले. मोठ्या साच्यात रोजचा विषय घालण्याची ही तीच हातोटी, जिने ‘परीटास’ लिहिले. फरक इतकाच की परटाच्या कवितेत साचा आणि विषय यांचे फाटते आणि इथे ते जुळून येतात. कारण मुलाच्या दृष्टीने आजीचे ते अदृश्य घड्याळ खरोखरच तेवढे थोर आहे. विडंबनात कसलेल्या हाताशिवाय ही कविता झाली नसती. ज्याला पोकळ भारदस्तपणा ओळखता येतो त्यालाच भरीव भारदस्तपणा लिहिता येतो, हे या एका कवितेवरून सिद्ध होते.

कोल्हापूरचा संबंध इथे येतो. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पण कोल्हापूरचा चित्रपटधंदा त्यामुळे थांबला नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्स काढली. पहिल्या ‘छाया’ची कथा वि. स. खांडेकरांची होती, आणि पाठोपाठ अत्रे आले : ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ १९३७ मध्ये, ‘ब्रह्मचारी’ १९३८ मध्ये, ‘ब्रँडीची बाटली’ १९३९ मध्ये. ‘ब्रह्मचारी’चा नायक औदुंबर हा साधा तरुण; तो देशभक्त जटाशंकराचे ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकतो आणि ते शब्दशः मनावर घेतो. भिंतीवरची नट्यांची चित्रे काढून फेकतो, व्यायाम सुरू करतो, आचार्य चंडीरामाच्या संस्थेत दाखल होतो. मग किशोरी येते आणि व्याख्यानात ज्याचा हिशेब नव्हता ते आयुष्य त्याच्यासमोर उभे राहते. किशोरीच्या भूमिकेतल्या मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचीच चर्चा आजवर जास्त झाली. पण चित्रपटाचा गाभा औदुंबराच्या भोळेपणात आहे. तो लबाड असता तर व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवून घरी गेला असता, आणि जटाशंकराचे वक्तृत्व निर्वेध चालू राहिले असते. औदुंबराने उपदेश खरा मानून जगायला घेतला, म्हणून उपदेशाचे पितळ उघडे पडले. मोठ्यांनी सांगितलेले तंतोतंत करून दाखवणारे आणि त्यातून मोठ्यांनाच अडचणीत आणणारे कोण असते? मूल असते. औदुंबर वयाने तरुण आहे, पण अत्र्यांनी त्याच्या जागी मूलच उभे केले आहे.

‘ब्रँडीची बाटली’त हे आणखी स्पष्ट होते. बगाराम हा नगरपालिकेतला भोळा कारकून. आजारी माणसाला औषध म्हणून ब्रँडी हवी आहे, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच बगारामला ठाऊक नाही. तो सरळपणे विचारत हिंडतो, आणि त्याच्या निरागस प्रश्नाने समोरच्याचा सभ्यपणा आपोआप ढवळून निघतो. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच मुंबई शहरात दारूबंदी आणली होती, म्हणजे विषय ऐन चर्चेतला होता. आता ‘दिनूचे बिल’ शेजारी ठेवा. केलेल्या कामाचे बिल करायचे असते ही मोठ्यांची रीत दिनू पाहतो, खरी मानतो आणि आईसाठी केलेल्या लहानसहान कामांचे बिल आईलाच देतो. आई त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. ती त्याचे पैसे देते आणि सोबत आपले बिल ठेवते. त्यात तिने त्याच्यासाठी केलेल्या सगळ्या गोष्टी आहेत आणि पुढे रक्कम काहीच नाही. बगाराम मोठ्यांचा व्यवहार खरा मानून मोठ्यांना उघडे पाडतो. दिनू मोठ्यांचा व्यवहार खरा मानून त्या व्यवहाराची हद्द कुठे संपते ते शिकतो. दोन्ही कथांची रचना एकच आहे, आणि दोन्हींचा लेखकही एकच आहे.

हे नाते केवळ मराठीतले नाही. अत्र्यांहून आठ वर्षांनी लहान असलेले चिनी लेखक झांग तियान्यी (१९०६–१९८५) हेही एका हाताने उपरोधिक कथा आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या गोष्टी लिहीत आले. लू शुन यांनी त्यांच्या सुरुवातीच्या लेखनाला जागा दिली. मुलांसाठीच्या ‘मोठा लिन आणि छोटा लिन’ (१९३२) या कादंबरिकेत दोन जुळे भाऊ आहेत. एक श्रीमंताचा मुलगा बनतो, इतका लठ्ठ होतो की त्याला हसायलाही नोकर लागतात, आणि शेवटी सोन्याने भरलेल्या बेटावर खायला काही नाही म्हणून मरतो. १९३८ मध्ये, म्हणजे ‘ब्रह्मचारी’च्याच वर्षी, त्यांची ‘मिस्टर हुआ वेई’ ही कथा आली. जपानविरुद्ध युद्ध चालू असताना हा गृहस्थ रिक्षातून या बैठकीतून त्या बैठकीत धावत असतो, उशिरा येतो, लवकर जातो, आणि नेतृत्व आपलेच हवे यापलीकडे काहीही सांगत नाही. पुढे १९५८ मध्ये ‘जादूच्या भोपळ्याचे रहस्य’ आले. त्यातल्या वांग बाओला मागेल ते देणारा भोपळा मिळतो, आणि हळूहळू कळते की भोपळा वस्तू निर्माण करत नाही, दुसऱ्याच्या घेऊन येतो. फुकटात मिळणारी गोष्ट कोणाच्या तरी पदरची असते, हे कित्येक मोठ्यांना न कळणारे सत्य इथे शाळकरी मुलाला कळते. झांग आणि अत्रे यांची भाषा, राजकारण, स्वभाव सगळे भिन्न. तरी ढोंगी वक्त्याचे चित्र आणि मुलाची गोष्ट एकाच लेखणीतून, एकाच दशकात येते. विडंबन आणि बालसाहित्य यांच्या नात्याचा हा दुसऱ्या भूमीवरून आलेला पुरावा आहे.

यावर पहिला आक्षेप असा निघेल की देश पारतंत्र्याशी झगडत असताना देशभक्ताचीच थट्टा करणे बेजबाबदार होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चीनमध्ये तो प्रत्यक्ष आला. ‘मिस्टर हुआ वेई’चा अनुवाद जपानी नियतकालिकात छापला गेला, शत्रूच्या हाती कोलीत दिले असे म्हटले गेले, आणि युद्धकाळात समाजाची व्यंगे उघड करावीत की नाहीत यावर लेखकांमध्ये मोठा वाद झाला. तरी उत्तर स्पष्ट आहे. औदुंबर देशप्रेमाची थट्टा करत नाही, तोच खरा देशप्रेमी आहे. थट्टा होते ती ऐकणाऱ्याच्या आयुष्याचा विचार न करता टाळ्यांसाठी फेकलेल्या उपदेशाची. ज्या चळवळीला स्वतःच्या व्यासपीठावरचे पोकळ भाषण ओळखता येत नाही, ती स्वराज्य मिळाल्यावर त्याच भाषणांची बांधील होते. अत्रे स्वतः पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर उभे राहिले. चळवळीशी निष्ठा आणि चळवळीतल्या दांभिकतेवर हल्ला या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे त्यांच्या आयुष्यानेच दाखवून दिले.

दुसरा आक्षेप साहित्यिक आहे. दिनूची आई, श्यामची आई, आजी या साऱ्यांत भावनेचा पाझर आहे, विडंबनाचा अंशही नाही. मग एकच मूळ कसले? माझे उत्तर असे की विडंबनाची परीक्षा पार करून आलेली भावना वेगळी ओळखू येते. साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ काढला, आणि १९५४ मध्ये राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. एवढा हळवा विषय उसाशांच्या भाषेत सहज बुडू शकला असता. तो तरला, कारण ही आई गोडगोड नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीने झोडते, मुलगा भित्रा म्हणवला जावा हे तिला सहन होत नाही, आणि नंतर तीच त्याच्या पाठीवरचे वळ पाहून कळवळते. तिच्या बोलण्यात आणि वागण्यात फट नाही. अत्र्यांनी आयुष्यभर ज्या फटीवर बोट ठेवले, ती इथे नाही, म्हणून त्यांना ही आई पूज्य वाटली. जटाशंकर आणि श्यामची आई दोघेही उपदेश करतात. एकाच्या उपदेशामागे जगणे नाही आणि दुसरीच्या उपदेशामागे जगण्याशिवाय काही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो मान्यच करायला हवा. अत्र्यांची लेखणी पुष्कळदा ढोंग सोडून माणसावर तुटून पडली. राजाराम कॉलेजात अनेक वर्षे शिकवणाऱ्या, कोल्हापुरात राहिलेल्या ना. सी. फडक्यांशी झालेला त्यांचा वाद मराठीत गाजला, आणि तो वाङ्मयाच्या प्रश्नावरून घसरून वैयक्तिक पातळीवर गेला. ‘मराठा’तल्या कितीतरी मजकुराबद्दल हेच म्हणता येईल. हे लेखन आज वाचवत नाही. माझ्या मते या अपयशानेही मूळ मुद्दा पक्का होतो. जिथे अत्र्यांनी भोळ्या जीवाची दृष्टी सोडली आणि जिंकण्याची ईर्ष्या धरली, तिथे विनोद आटला. जिथे ती दृष्टी राखली तिथे तो टिकला. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘तो मी नव्हेच’ हे त्याचे उदाहरण. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलेल्या निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी एकामागून एक सोंगे पुढे येतात आणि प्रत्येकाची फसवलेली माणसे साक्ष देतात. लखोबा औदुंबराच्या नेमका उलट आहे, शब्दाचे कसलेच बंधन न मानणारा. पण या नाटकात अत्रे कोणा एका माणसावर दात धरत नाहीत. पदवी, पगार, पोशाख, भगवे वस्त्र पाहिले की चौकशी न करता माना तुकवणाऱ्या आपल्या सर्वांचीच ही तपासणी आहे, आणि म्हणून ते नाटक अजून उभे राहते.

या विवेचनातून आजच्या मराठी बालसाहित्याबद्दल एक मागणी निघते, आणि ती मी आग्रहाने मांडतो. मुलांसाठी लिहिणे म्हणजे गोड लिहिणे, ही समजूत आपण इतकी घट्ट धरली आहे की विनोदी आणि उपरोधिक लेखकांना मुलांच्या पुस्तकांकडे वळवावे असे प्रकाशकांना आणि शिक्षकांना सुचतच नाही. आजच्या मुलावर जाहिरात, भाषण आणि घोषणा यांचा जेवढा मारा होतो, तेवढा १९३८ च्या औदुंबरावर झाला नव्हता. शब्दामागे वस्तू आहे की नाही हे तपासण्याची सवय त्याला संस्कारकथेतून लागणार नाही. ती अशा कथांतून लागेल, ज्यांत दिनू बिल करतो आणि त्या बिलाचा अर्थ त्याला स्वतःलाच उमगतो. कोल्हापूरला या कामाचा विशेष अधिकार आहे. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर इथे आहे, खांडेकर-फडके-जूलियन यांच्या वाङ्मयीन वादांची परंपरा इथली आहे, आणि मराठी चित्रपटाने ढोंगावर पोट धरून हसायला शिकवले तेही याच गावातून. ‘ब्रह्मचारी’ आणि ‘आजीचे घड्याळ’ एकाच बैठकीत मुलांसमोर आणले, एकाच लेखकाची दोन कामे म्हणून शिकवले, तर अत्रे किस्स्यांतून बाहेर येतील आणि मुलांना खोटा शब्द ओळखण्याचे बळ मिळेल. शाळेकडून मुलाला मिळणाऱ्या गोष्टींत या बळाइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट मला दिसत नाही.